थंडीच्या सकाळी ब्रेक कडक का होतो? : पेण-रोहा दौऱ्यातील एक अनुभव

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



शेतकी खात्याचा माणूस ब्रेकवर लेख लिहायला बसला म्हणून हसू नका. लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया यांवर मी दर वेळी लिहितोच. पण आपला गळीत हंगाम नेमका थंडीत चालतो. पहाटे चार-पाचला फडावर गाड्या लागतात. दव पडलेले असते, ड्रायव्हर अर्धवट झोपेत असतो, आणि त्याच वेळी पहिला ब्रेक मारायची वेळ येते. या हंगामाआधी कोणी मला विचारले असते की थंडीचा आणि ब्रेकचा काय संबंध, तर मी खांदे उडवले असते. गेल्या जानेवारीत माझी खात्री पटली. तीही कुठे, तर थंडीसाठी मुळीच प्रसिद्ध नसलेल्या कोकणात.

आपल्या कालव्याखालच्या क्षारपड जमिनींचा प्रश्न सर्वांना माहीत आहे. पेण तालुक्यातील खारेपाटात समुद्राचे पाणी अडवून भातशेती कशी करतात हे प्रत्यक्ष पाहावे, म्हणून आम्ही काही सभासद आणि खात्याचे दोघे असे कारखान्याच्या डिझेल जीपने निघालो. बोरघाट उतरून खोपोली, तिथून पेण. वाशी-वढाव बाजूला खाडीकाठचे बांध पाहिले. त्या बांधांना जागोजागी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे बांधातले झडपेचे दार. ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून खाडीत जाते, भरती आली की खाडीचेच पाणी दार घट्ट लावून टाकते. ना मोटार, ना माणूस. आमच्यातले एक आण्णा तिथे अर्धा तास उभे राहिले. “एकच दार, आणि त्याला बरोबर कळतं कुणाला सोडायचं न कुणाला नाही,” असे म्हणाले. ही उघाडी वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे लागणार आहे.

संध्याकाळी नागोठण्यावरून रोह्याकडे वळलो. वाटेत भिसे खिंड लागते. चढ संपून उतार सुरू झाला तशी आमच्या ड्रायव्हर मामांनी गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केले. डिझेल वाचवायची त्यांची जुनी सवय. दोन-तीन वळणांनंतर पाहतो तर मामा ब्रेकवर जवळजवळ उभे राहिलेले. मी विचारले तर म्हणाले, “काय नाय साहेब, जरा कडक लागतोय.” मीही सोडून दिले. तिथेच चौकशी केली असती तर दुसऱ्या दिवशीची सकाळ टळली असती.

रोह्यात एका सभासदाच्या व्याह्यांकडे मुक्काम होता. जानेवारीत त्या भागात वालाच्या शेंगा भरतात, आणि रात्री शेतावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, खाणाऱ्यांसाठी कोंबडी. मडके उपडे करून भोवती जाळ. आपल्याकडच्या हुरड्याची ही सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. गप्पांत बराच वेळ गेला. गाडी मात्र रात्रभर उघड्यावर, दवात.

पहाटे निघालो. घराचे अंगण उंचावर, समोर गल्लीकडे उतरती वाट. मामांनी बसल्याबरोबर नेहमीप्रमाणे तीन-चार वेळा ब्रेक दाबून पाहिला, मग इंजिन चालू केले, आणि थंडी वाजत होती म्हणून लगेच गाडी सोडली. वाट संपते तिथे दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आडवा आला. मामांनी ब्रेक दाबला. पेडल खाली गेलेच नाही. दगडावर पाय ठेवावा तसे. मामांनी दोन्ही पाय लावले, हातब्रेक ओढला, आणि स्टिअरिंग बाजूच्या पेंढ्याच्या उडवीकडे वळवले. गाडी उडवीत घुसून थांबली. दूधवाला वीतभर अंतरावरून निघून गेला. त्याला बहुधा काही कळलेच नाही. आम्ही मात्र कोणी पाच मिनिटे बोललो नाही.

सगळ्यांचे मत पडले, “थंडीमुळं झालं.” बरोबर होते, पण अर्धेच. पेण-रोह्याची थंडी ती केवढी! आपल्याकडे त्याहून कडक पडते. पाणी गोठेल अशी थंडी लेह-काश्मीरकडे. तिकडे ब्रेकच्या नळीत ओल शिरून बर्फ होतो आणि झडप अडकते. आपल्याकडे तसे होत नाही. आपल्याकडची थंडी नवा रोग निर्माण करत नाही, आधीचा लपलेला रोग सकाळी दाखवते आणि उन्हे वर आली की झाकून टाकते. म्हणून तर तो सापडत नाही.

आता थोडे यंत्राबद्दल. जीप, पिकअप, मोटारगाडी यांच्या ब्रेक पेडलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, एक काळा गोल डबा असतो, ताटाएवढा. त्याला बूस्टर म्हणतात. आत मधोमध रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा शोषून घेतलेली असते. आपण पेडल दाबले की मागच्या बाजूला बाहेरची हवा आत सोडली जाते, आणि ती हवा पडद्याला पुढे रेटते. हा रेटा किती असतो त्याचा हिशेब मी कागदावर मांडला. नऊ इंची डबा धरला तर पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो फरक धरला तरी २८७ किलो होतात. पन्नास किलोची साडेपाच पोती साखर तुमच्या पायाच्या जोडीला उभी असते! बेल्जियमच्या आल्बेर द्वांद्र नावाच्या अभियंत्याने १९२७ साली ही युक्ती काढली, आणि अजून त्याच तत्त्वावर लाखो गाड्या थांबतात. बूस्टर गेला म्हणजे ब्रेक गेला असे नाही. ब्रेक राहतो, पण साडेपाच पोती जोडीला नसतात, आणि एवढ्या सवयीनंतर ते माणसाला ब्रेक गेल्यासारखेच वाटते.

हवा शोषून घेण्याचे काम पेट्रोल गाडीत इंजिनच करते. डिझेल इंजिनात तशी ओढ तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. पंपापासून बूस्टरपर्यंत एक जाड रबरी नळी येते, आणि बूस्टरच्या तोंडाशी एकेरी झडप असते. हीच आपली पेणची उघाडी. डब्यातली हवा बाहेर जाऊ देते, बाहेरची आत येऊ देत नाही. त्यामुळे इंजिन बंद झाले तरी दोन-तीन ब्रेकपुरती ओढ डब्यात शिल्लक राहते. फक्त दोन-तीन. भिसे खिंडीत मामांनी ती वळणावळणाला खर्च केली. सकाळी अंगणात ‘बघायला’ म्हणून पुन्हा खर्च केली. पण खिंडीत इंजिन बंद होते, सकाळी तर ते चालू होते. मग ओढ पुन्हा का भरली नाही? खरा प्रश्न हा होता.

आठच्या सुमारास रोह्यातल्या एका मिस्त्रींकडे गाडी नेली. तोवर इंजिन तापले होते आणि ब्रेक अगदी लोण्यासारखा लागत होता. मामा म्हणाले, “बघा साहेब, गेलं आपोआप. चला.” मिस्त्री वयस्कर, शांत गृहस्थ. त्यांनी इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबले, ते वर येऊन कडक झाले. मग पायाचा जोर तसाच ठेवून इंजिन चालू केले. पेडल पायाखाली सावकाश खाली बसले. म्हणजे बूस्टर मदत करतोय. नंतर मिनिटभर इंजिन चालवून बंद केले आणि हळूहळू पेडल दाबले. पहिल्यांदा खोल, मग कमी, मग आणखी कमी. म्हणजे ओढ साठते आणि झडप ती धरते. तिसऱ्या खेपेला इंजिन चालू असताना पेडल दाबून धरले, तसेच धरून इंजिन बंद केले, आणि अर्धा मिनिट मोजले. पेडलने पाय वर ढकलला नाही. पडदा शाबूत.

या तिन्ही चाचण्यांना अवजार लागत नाही, पैसा लागत नाही, आणि कोणताही सभासद आपल्या दारात, सपाट जागेवर, चाकाला उटी लावून करू शकतो. उलट निकाल आला तर काय समजायचे तेही सांगतो. पहिल्या चाचणीत पेडल खाली बसले नाही तर ओढ डब्यापर्यंत पोचतच नाही; पंप, नळी किंवा झडप पाहावी. दुसऱ्या चाचणीत पहिलाच दाब कडक लागला तर झडप किंवा तिच्या बुडाचे रबरी बूच धरत नाही. तिसऱ्यात पेडल वर आले तर डब्यातच गळती आहे.

आमची गाडी तिन्ही परीक्षांत पास. मी मिस्त्रींना म्हणालो, आता काय? ते म्हणाले, “साहेब, ताप पहाटे होता न तुम्ही नाडी आता दाखवताय. गाडी थंड होऊ द्या.” दोन-अडीच तास बॉनेट उघडे टाकून बसलो. पण कोकणातली अकरा वाजताची वेळ, पहाटेची थंडी आणायची कुठून? मिस्त्रींनी पोऱ्याला मासळीबाजारात पाठवले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ आणवला! आधी पिशवी झडपेवर धरली. पाच-सात मिनिटांनी पहिली चाचणी केली, पेडल नीट बसले. झडप निर्दोष. मग पिशवी नळीच्या पंपाजवळच्या वाकणावर बांधली. चांगली दहा मिनिटे. पुन्हा पेडल दाबून कडक केले, इंजिन चालू केले. पेडल जागचे हलेना! आणि बॉनेटखालून बारीक ‘सुस्स’ आवाज. मिस्त्रींनी बर्फ काढून तिथे बोटाने दाब दिला, तसे पेडल खाली गेले.

मी आयुष्यात माती परीक्षणाचे नमुने हजारोंनी घेतले असतील, पण निदान असे डोळ्यांदेखत होताना क्वचित पाहिले आहे.

नळी काढून हातात दिली. वरून दिसायला ठीक. वाकवली की वाकणाच्या आतल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढी चीर तोंड उघडत होती. इंजिनाची उष्णता आणि तेलाचे शिंतोडे यांनी रबर वर्षानुवर्षे भाजून निघालेले. इंजिन तापले की ते मऊ होऊन चीर मिटायची. रात्रभर गारठले की ताठ होऊन चीर उघडायची, आणि पंप डब्यातली हवा ओढण्याऐवजी चिरेतून बाहेरचीच हवा ओढत बसायचा. उघाडी चांगली, पण तिच्यापलीकडचा बांधच फुटलेला.

नवी नळी टाकताना मिस्त्रींनी एक गोष्ट बजावली, ती इथे नोंदवतो. ही नळी ब्रेकच्या व्हॅक्यूमचीच घ्यावी. पाण्याची किंवा डिझेलची नळी मापात बसते म्हणून लावणारे बरेच आहेत. साधी नळी आतल्या ओढीने चपटी होते आणि तेलाने लवकर फुगते. आमच्याच मामांनी मागे एकदा बागेतल्या पाइपचा तुकडा सुचवला होता, हे त्यांच्या परवानगीने लिहितो.

थंडीच्या सकाळी ब्रेकची प्रत्येक तक्रार बूस्टरचीच असते असेही नाही. पेडल कडक लागले तर बूस्टरकडे बघावे. पेडल स्पंजासारखे दबले तर ब्रेक ऑइलमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू फळीला टेकत गेले तर मास्टर सिलिंडर गेला. पेडल ठीक पण गाडी पहिल्या एक-दोन ब्रेकला उशिरा थांबली, तर तो बहुतेक वेळा ड्रमवर किंवा डिस्कवर बसलेल्या दवाचा परिणाम. खाडीकाठी रात्रीतून गंजही धरतो. दोन-चार हलके ब्रेक मारले की जातो. ऑइल बाहेर कुठे न गळता कमी होत असेल तर मात्र सावध! ते मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरच्या डब्यात उतरत असेल, आणि पडदा खराब करत असेल. पेट्रोल गाडीत ब्रेक दाबताच इंजिन थरथरले आणि पायापाशी फुसफुस ऐकू आली, तर पडदा फाटल्याची शंका घ्यावी.

आता ट्रक आणि ट्रॅक्टरवाल्यांसाठी. मोठ्या ट्रकला व्हॅक्यूम नसून दाबाच्या हवेचा ब्रेक असतो. तिथे थंडीचा त्रास निराळा. हवेतली वाफ टाकीत गार होऊन पाणी साठते. टाकीच्या बुडाचा कॉक रोज उघडून पाणी सोडावे, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असते आणि फार थोडे करतात. सकाळी काटा पूर्ण दाब दाखवेपर्यंत गाडी हलवू नये. ट्रॅक्टरला सहसा बूस्टर नसतोच. त्याच्या डाव्या-उजव्या पेडलांची कडी रस्त्यावर जोडलेलीच पाहिजे, आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो हे विसरू नये. दोन भरलेल्या ट्रॉल्या कालव्याच्या पुलावरून उतरताना त्या ट्रॅक्टरला ढकलतात. तिथे खालचा गिअर हाच ब्रेक. चिटबॉयने स्लिप दिली म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला योग्य झाली, असा समज काही मंडळींचा आहे. तो आमच्या खात्याने पसरवलेला नाही.

रेल्वेची गंमत अशी की तिच्या गाड्यांना पूर्वी व्हॅक्यूम ब्रेकच असत, पण उलट्या रीतीचे. नळी फुटली आणि ओढ गेली की ब्रेक आपोआप लागत. आपल्या जीपमध्ये ओढ गेली की मदत जाते. त्यामुळे इंजिन बंद करून उतार उतरणे हा प्रकार मी आता कोणाच्याही गाडीत बसलो तरी चालू देत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका मालवाहू गाडीने अनेक वाहनांना धडक दिली. चालकाने इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे प्राथमिक तपासाच्या हवाल्याने वर्तमानपत्रांत आले होते. हवेचा ब्रेक असो की व्हॅक्यूमचा, इंजिन थांबले की पंप थांबतो. खिंड उतरताना वाचणारे डिझेल किती? मामांनीच हिशेब करून सांगितले, चहाच्या एका कपाएवढेही पैसे होत नाहीत.

आणि चालत्या गाडीत पेडल अचानक कडक झालेच तर? पुन्हा पुन्हा दाबू नका. प्रत्येक दाबाला उरलीसुरली ओढ खर्च होते. पंप करायचा तो मऊ पेडलला, कडक पेडलला नाही. एकदाच, लागल्यास दोन्ही पायांनी, पूर्ण जोराने दाबून धरा. गाडी थांबते, जास्त अंतर घेते इतकेच. गिअर उतरवा. हातब्रेक सावकाश ओढा, त्याचा बूस्टरशी संबंध नसतो. इंजिन बंद करू नका. सकाळी गाडी चालू केल्यावर अर्धा मिनिट उभी ठेवून, पेडल खाली बसते ना पाहून मगच सोडा.

परतताना त्याच भिसे खिंडीतून नागोठण्याला उतरलो. मामांनी काही न बोलता गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. पेणला पोह्याचे पापड घ्यायला थांबलो, बोरघाट चढून अंधार पडायच्या आत पुण्याच्या पुढे आलो.

नळीचा तो तुकडा मी घेऊन आलो आहे. गट ऑफिसात माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून असतो. ऊस नोंदीला याल तेव्हा हातात घेऊन वाकवून बघा.